रोझालिए कुठे आहे

रूडीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात भाजलेली बदकं शेवटच्या पाहुण्यांपर्यंत पुरली नाहीत, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे सन १९८४. बदकं कमी पडली याचा ठपका सगळ्यांनी व्लास्ता क्रौपावर ठेवला, कारण लग्नाचा स्वयंपाक तिच्या अंगावर होता. सगळं आयुष्य शाळेच्या पोरांना रांधून घालणाऱ्या बाईचा अंदाज असा चुकलेला कुणी पाहिला नव्हता. खरं तर अंदाज चुकला नव्हता. दुसरा घाणा भट्टीत सारायच्या वेळेलाच तिचा भाचा रूडी हॉलच्या मागच्या दाराने आत आला होता आणि पाव तोडत सहज म्हणाला होता, "आत्या, टेकडी दिली मी काउंटीला. रस्त्यासाठी मुरूम काढणार आहेत." व्लास्ता जी उभी राहिली ती राहिलीच. दुसऱ्या घाण्याची बदकं कच्चीच परातींत राहिली.

"कुठली टेकडी?" तिने विचारलं.

"आपल्याकडे काय दहा आहेत?"

"रूडी, तिथे आजी आहे."

"आत्या, तिथे गवत आहे. मी लहानपणापासून वर जातोय. एक दगड नाही, एक खुंटी नाही. आणि या वसंतात शाळेची बस तीनदा चिखलात रुतली, ती मीच ट्रॅक्टरने ओढली. पोरं मागच्या दाराने उतरवली. मुरूम दुसरीकडे नाहीच."

"म्हणून आजीला खणून रस्त्यावर टाकणार?"

"आज नको ना," रूडी म्हणाला. बाहेर अकॉर्डियन सुरू झालं होतं आणि त्याला मुलीबरोबर नाचायचं होतं.

रूडी व्लास्ताच्या भावाचा मुलगा. भाऊ वारल्यापासून क्रौपांची सगळी जमीन रूडी कसत होता. तिच्या दोन तुकड्यांपैकी उत्तरेच्या तुकड्यावर जुनं घर होतं, तेवढं व्लास्ताचं. तिने लग्न केलं नाही. वडील जाताना घर तिला देऊन गेले. कॅन्ससच्या त्या भागात मात्येय आणि रोझालिए क्रौपा ही दोघं सर्वांत आधी आलेली. त्यांच्याआधी तिथे पॉनी जमातीचे मूळ रहिवासी शिकारीला यायचे. सरकारने त्यांना हाकललं आणि जमीन वाटायला काढली, तेव्हा हे दोघं युरोपातल्या बोहेमिया या चेक प्रांतातून आले आणि तिथलं पहिलं घर बांधलं. तीन वर्षांत रोझालिए पहिल्या बाळंतपणात गेली. मूल जगलं. तो व्लास्ताचा बाप, फ्रान्तिशेक. त्याला मावशीने गावात नेऊन वाढवलं. मात्येयने अनेझ्का नावाच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. व्लास्ताने पाहिलेली आजी ती हीच.

फ्रान्तिशेक बारा वर्षांचा झाला आणि बापाच्या शेतावर कामाला आला. निघताना मावशीने त्याला एवढंच सांगितलं होतं की तुझी आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, तिथे आहे. पोरगा आला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. समोर पश्चिमेला टेकडी होती. लाकडी क्रूस वणव्यात जळून गेला असेल असं त्याने धरलं. बापाला किंवा सावत्र आईला काय विचारणार? तेव्हापासून मे अखेरीस, मेलेल्यांना फुलं वाहायच्या दिवशी, क्रौपांच्या घरचं कुणी ना कुणी टेकडीवर जायचं. आधी रानफुलं, पुढे अंगणातली पिओनी, कॉफीच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून. रूडी लहान होता तेव्हा ते डबे तोच वाहायचा आणि निम्मं पाणी स्वतःच्या बुटांत सांडायचा.

लग्न आटोपलं, पाहुणे पांगले आणि व्लास्ताचं बूड एका जागी टिकेना. पीठ भिजवायची आणि झाकायचं विसरायची. कपडे दोरीवर टाकायची आणि वाळायच्या आधी काढून आणायची. दिवसातून किती वेळा खिडकीशी जायची याला गणती नव्हती. काउंटीच्या मंडळाचा अध्यक्ष व्हर्न लिंडक्विस्ट तसा वाईट माणूस नव्हता. ती त्याच्या घरी जाऊन बसली, म्हणजे बसली नाहीच, उभ्यानेच बोलली. तो म्हणाला, "व्लास्ताबाई, तिथे कुणाला पुरलंय असं दाखवणारा एखादा कागद आणा. जूनच्या बैठकीत ठेवू. कागद असेल तर टेकडीला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. पण नुसतं घरातलं बोलणं मी मंडळापुढे कसं ठेवू?"

"आमच्या घरातलं बोलणं तुमच्या मंडळाहून जुनं आहे."

"ते खरंच. पण ते फायलीला लावता येत नाही."

मग तिने शोध सुरू केला. आधी घरातलं बायबल काढलं. त्यात रोझालिएचा जन्म होता, लग्न होतं, फ्रान्तिशेकचा जन्म होता. पुढे अनेझ्काची मुलं ओळीने होती. रोझालिएच्या मरणाची ओळ कुणी लिहिलीच नव्हती. मग ती चर्चमध्ये गेली. फादर तरुण होता, त्याला चेक भाषा येत नव्हती. जुन्या वह्या त्याने टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "तुम्हीच वाचा आणि मलाही सांगा, इथे मी चार वर्षं आहे आणि हे काय लिहिलंय मला ठाऊक नाही." त्या काळी चर्च नव्हतं. दूरच्या गावाहून एक पाद्री वर्षातून दोनदा घोड्यावर यायचा आणि मधल्या काळात जे जन्मले, मेले, ते एकदम लिहून घ्यायचा. व्लास्ताने बोट ठेवून ठेवून वाचलं. आणि सापडलं. रोझालिए, मात्येय क्रौपाची पत्नी, मार्च १८७६, पतीच्या जमिनीत पुरली.

तिने फादरचा हात इतका जोरात दाबला की तो कळवळला.

घरी येताना ती रूडीच्या शेताशी थांबली. गव्हाला नुकत्या ओंब्या धरत होत्या. रूडी कुंपणाची तार ओढत होता.

"सापडली," ती म्हणाली. "पतीच्या जमिनीत. चर्चच्या वहीत आहे."

रूडीने टोपी मागे सारली. "बरं. मग मी व्हर्नला सांगतो." जरा वेळाने म्हणाला, "आता ती शाळेची बस माझ्या डोक्यावरून ने म्हणजे झालं."

"तू रागावलास."

"रागावलो नाही. पण तुझी आजी मेली तिला शंभर वर्षं झाली, आणि चिखलात पोरं अडकतात ती आजची आहेत. एवढंच म्हणतो."

तिने घरी जाऊन व्हर्नला फोन केला. तो म्हणाला, "छान. आता एकच करा. टेकडी त्या वेळी तुमच्या आजोबांची होती एवढं कोर्टातून लिहून आणा, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको."

एवढंच तर राहिलं होतं. व्लास्ता दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच कोर्टाच्या पायऱ्यांवर होती. जमिनीची दप्तरं सांभाळणारी बर्निस तिच्याबरोबर शाळेत शिकलेली. चावी लावता लावता ती म्हणाली, "आलीस? मला वाटलं, माझी खुर्ची घ्यायलाच आलीस."

"तुझी खुर्ची कुणाला हवी, तिचा एक पाय आखूड आहे."

बर्निसने पुस्तकं खाली उतरवली. दक्षिणेचा तुकडा मात्येयला सरकारकडून मिळालेला होता. तो त्याने १८७३ मध्ये घेतला आणि पाच वर्षं राहून दाखवल्यावर त्याच्या नावावर झाला. त्या दिवसांत नियमच तसा होता, राहिल्याशिवाय जमीन नाही. उत्तरेचा तुकडा, ज्यावर घर आहे आणि टेकडी आहे, तो त्याने रेल्वे कंपनीकडून विकत घेतला होता. सन १८७८.

व्लास्ताने चष्मा पुसला. "अठ्ठ्याहत्तर नाही. चौऱ्याहत्तर असेल."

"आठ आहे गं. इथेही आठ आहे. आणि ही अनुक्रमणिका, इथेही."

"रोझालिए शहात्तरमध्ये गेली."

"मग?"

"मग तेव्हा टेकडी आमची नव्हतीच."

बर्निसने तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं नाही, उगाच पान हलवत राहिली. "असेल काही. रेल्वेच्या जमिनीवर लोक आधी राहायचे आणि मागून विकत घ्यायचे."

"राहायचे?"

"काही जण. वॉशिंग्टनहून त्यांची फाईल मागव ना. दक्षिणेच्या तुकड्यासाठी साक्षीदारांनी काय सांगितलं ते सगळं त्यात असतं. घर कुठे, विहीर कुठे, किती नांगरलं."

फाईल टपालाने येईपर्यंतचे दिवस व्लास्ताने कसे काढले ते तिलाच ठाऊक. टपालाची गाडी यायच्या आधीच ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची. अंगणातल्या पिओनी फुलल्या. मे अखेर आली. त्या वर्षी पहिल्यांदाच टेकडीवर फुलं नेताना तिचे पाय जड झाले. वर गेली, डबा ठेवला, आणि आपण कुणाच्या दारात चुकून शिरलो आहोत असं तिला वाटत राहिलं. नेहमीची प्रार्थना अर्धीच म्हणून ती खाली आली.

फाईल जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलं होतं की मात्येय क्रौपा पाचही वर्षं आपल्या दक्षिणेच्या तुकड्यावर राहिला. तिथे त्याचं कॉटनवुडच्या फळ्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, विहीर आहे, तळघर आहे, तबेला आहे. पहिली बायको तिथेच वारली. हे सांगितल्याची तारीख १८७८ च्या नोव्हेंबरातली.

व्लास्ता स्वयंपाकघरात उभी राहून भिंतींकडे बघत राहिली. बाकी खोल्या मागून जोडलेल्या, हे तिला ठाऊक होतं. जुनं म्हणजे स्वयंपाकघर आणि पलीकडची खोली. दोन खोल्या. फळ्या कॉटनवुडच्या, रंगाखाली वाकड्या झालेल्या. रूडी दूध द्यायला आला तेव्हा ती टेबल ढकलून भिंत नखाने खरवडत होती.

"आत्या, काय चाललंय?"

तिने कागद त्याच्यापुढे टाकला. त्याने वाचला. "मग दोन घरं असतील. एक तिकडे, एक इकडे. तिकडचं पडलं."

"मग कुठल्या घराची खिडकी?"

रूडीने कागद परत टेबलावर ठेवला. "मंडळाला हा कागद द्यायला हवाच का?" तो हळूच म्हणाला. "मी तर कुणाला सांगणार नाही. तुझ्याकडे चर्चचं लिहिलेलं आहे. व्हर्न काही कोर्टात जाऊन पुस्तकं उघडत बसणार नाही."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुधाची बाटली ठेवून निघूनच गेला. पण त्याचं बोलणं मागे राहिलं आणि दिवसभर घरात तिच्यामागे फिरत राहिलं.

विचारायला जगात एकच माणूस उरलं होतं. अनेझ्काची धाकटी मुलगी ओटिली, व्लास्ताच्या बापाची सावत्र बहीण. पंचाण्णव वर्षांची, काउंटीच्या वृद्धाश्रमात. फ्रान्तिशेक वारला तेव्हा अनेझ्काच्या हातच्या पिसांच्या दुलया कुणी घ्यायच्या यावरून भांडण झालं होतं. दुलया व्लास्ताकडे राहिल्या आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांकडे गेली नव्हती. व्लास्ताने कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजले, सगळ्यांत चांगली दुलई घडी घालून ट्रकमध्ये टाकली आणि निघाली.

ओटिली आत्या खिडकीशी खुर्चीत होती. एवढीशी झालेली, पण डोळे कावळ्यासारखे.

"आत्या, मी व्लास्ता."

"कुठली?"

"फ्रान्तिशेकची."

"ती मेली."

"मी मेले नाही, तुझ्यासमोर उभी आहे."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?" म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. "जाड झालीस. हातात काय आहे?"

"दुलई. तुझ्या आईची."

"एकच?"

"एक आज. बाकीच्या नंतर आणीन."

"आणि त्या डब्यात?"

"कोलाचे. खसखशीचे."

"इथे खसखस देत नाहीत. म्हणतात दातांत अडकते. दात माझे नाहीतच, अडकेना का. आण इकडे."

दोन कोलाचे होईपर्यंत व्लास्ताने काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आत्या, आपलं घर. ते आधी दक्षिणेच्या तुकड्यावर होतं का?"

"होतं की."

"आणि मग?"

"मग ओढून आणलं. घरं ओढायचेच तेव्हा. शाळाही दोनदा हलवली, तुला ठाऊक नाही? खाली ओंडके घातले, जमीन गोठली होती, बैलांच्या आठ जोड्या जुंपल्या. सगळे शेजारी आले. आई आत बसली होती. चूल पेटती होती आणि वर बटाट्याचं सूप होतं. आई सांगायची, मी माझ्याच स्वयंपाकघरात गाडीत बसल्यासारखी आले आणि सूपाचा थेंब सांडला नाही. आम्हाला ही गोष्ट फार आवडायची. पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो."

"आमच्या बाबांनी कधी नाही सांगितली."

"त्याच्यापुढे आई ती गोष्ट सांगायचीच नाही." म्हातारीने बोटावरची खसखस चाटली. "तो आत आला की गप्प व्हायची."

"का?"

ओटिली आत्याने दुलईवर हात फिरवला. "ज्या कारणासाठी हलवलं ते त्याला कसं सांगणार? आई लग्न करून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी भांडी घासायला उभी राहिली तर खिडकीतून समोर पहिलीचा क्रूस. उठल्यावर तो, निजताना तो. पोटात पहिलं मूल होतं तेव्हा आईला वाटायचं, ही बघतेय. तिने बाबांना सांगितलं, एक तर हे घर हलवा, नाही तर मी जाते. बाबा म्हणाले, सरकारची पाच वर्षं भरू देत, नाही तर जमीनच जाईल. तो कागद हातात आला त्याच आठवड्यात बैल जुंपले. तिथून टेकडीच्या अलीकडे आणून ठेवलं. वळवलं नाही, जसं होतं तसंच ठेवलं. खिडकी तिकडेही पश्चिमेला, इकडेही पश्चिमेला."

व्लास्ता खुर्चीत होती ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "आणि आमचे बाबा इतकी वर्षं टेकडीवर फुलं नेत होते."

"नेत होता. मी पोर होते, मी आईला विचारलं, दादा तिथे फुलं का नेतो, तिथे तर काही नाही. आई म्हणाली, नेऊ दे, फुलंच आहेत. आमचे बाबा अंगणातून बघायचे आणि तबेल्यात निघून जायचे. एकदा सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"दक्षिणेच्या तुकड्यावर कुठे आहे ती?"

म्हातारीने दुलई गुडघ्यांवर ओढून घेतली. बाहेर कुणी नर्स हसत गेली.

"बाबा असेपर्यंत ते त्या भागात नांगर घालायचे नाहीत. गवतच ठेवायचे, कापायचे; क्रूस तर कधीच वणव्यात गेला होता. बाबा गेले. मग लढाई लागली, गव्हाला भाव चढला, सगळ्यांनी कुरणं मोडली. सतरा सालच्या वसंतात तुझ्या बापाने ते कुरण मोडलं. त्याच्या चांगल्या घोड्यांनी. आई अंगणात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, आई, सांग ना त्याला. ती म्हणाली, आता कुठल्या तोंडाने सांगू. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही."

"तू का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं का?" ओटिली आत्या एकदम चिडली. "तुमच्याकडे आम्हाला कोण विचारायचं? दुलया न्यायला आलो तरी दारातून परत पाठवलं. तू आज विचारलंस, मी आज सांगितलं. अजून एक दे."

व्लास्ताने तिला तिसरा कोलाच दिला.

घरी जाताना तिने ट्रक चर्चच्या स्मशानभूमीकडे वळवला. मात्येय आणि अनेझ्का तिथे एका दगडाखाली होते. त्या आजीच्या मांडीवर व्लास्ता वाढली होती. कानात दुखलं की गरम मिठाची पुरचुंडी तिनेच धरली होती. व्लास्ताला तिला काहीतरी कडवट बोलायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण तिला डोळ्यांपुढे अंगणात उभी असलेली, दोन दिवस न जेवलेली म्हातारी दिसत होती, आणि पलीकडे ऐटीत घोडे हाकणारा बाप. आपल्या आईच्या छातीवरून. तिने वाकून दगडापाशी उगवलेलं गवत उपटलं, मूठभर उपटलं, आणखी मूठभर, आणि हात मळले तशीच निघाली.

मंडळाच्या बैठकीला गाव गोळा झालं होतं, कारण मुरुमाचा प्रश्न सगळ्यांचाच होता. व्लास्ताच्या हातात दोन कागद होते. एक चर्चच्या वहीतला, एक वॉशिंग्टनचा. पहिला तेवढा पुढे केला असता तर टेकडी वाचत होती. क्रौपांची अब्रूही झाकलेली राहत होती. रूडी मागच्या बाकावर होता, त्याने तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली, जणू म्हणत होता, दे तो आणि घरी चल.

"व्लास्ताबाई," व्हर्न म्हणाला, "कागद मिळाला का?"

ती उभी राहिली. "मिळाला. माझी आजी टेकडीवर नाही."

मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "सुटलो."

"माझी आजी दक्षिणेच्या तुकड्यावर आहे. घर आधी तिथे होतं. माझ्या दुसऱ्या आजीला तिची कबर डोळ्यांपुढे नको होती म्हणून घर ओढून आणलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही इतकी वर्षं रिकाम्या टेकडीला फुलं वाहिली, आणि माझ्या बापाने ती जिथे आहे तिथे नांगर घातला. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर माझ्या भावाने घातला, आता रूडी घालतो." तिने दोन्ही कागद व्हर्नपुढे ठेवले. "टेकडी घ्या. माझी हरकत नाही. पण मला त्या गव्हातली जागा हवी आहे, आणि ती मंडळाची नाही. ती रूडीची आहे. म्हणून त्याला मी इथे सगळ्यांसमोर विचारते."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रूडीचे कान लाल झाले होते. तो उठला, टोपी घातली आणि दाराबाहेर गेला. त्याच्या ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आत आला.

व्हर्न खाकरला. "पुढचा विषय घेऊ या का?"

त्या दिवसापासून पुढचे दिवस व्लास्ता घरात नुसती फिरत होती. रूडी दूध द्यायला आला नाही. त्याच्या बायकोने दूध आणलं, दारात ठेवलं आणि "तो बोलत नाहीये, आत्या. माझ्याशीही नाही," एवढंच म्हणून गेली. व्लास्ताने स्वतःशी हजारदा ते शब्द परत बोलून पाहिले. एकट्यात विचारायला हवं होतं. चारचौघांत पोराला उघडं पाडलं. आणि आता गहू पिकला होता. कापणीची यंत्रं शेजारच्या शेतांत फिरू लागली होती, त्यांचा धुरळा खिडकीतून दिसायचा.

रविवारी सकाळी ट्रक अंगणात आला. रूडी खाली उतरला नाही. खिडकीतून म्हणाला, "बस."

"कुठे?"

"बस म्हणतो ना."

तो तिला दक्षिणेच्या तुकड्यावर घेऊन गेला. गव्हात शिरला. ती त्याच्यामागून, ओंब्या हातांनी बाजूला करत. शेताच्या मधोमध येऊन तो थांबला.

"इथे दर वर्षी चाक खचतं," तो म्हणाला. "बाबाही इथे शिव्या द्यायचे. मला वाटायचं झरा असेल. त्या दिवशी तू बोललीस आणि मी बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसलो, तर मला हेच आठवत राहिलं." त्याने बरोबर फावडं आणलं होतं. गव्हाची धाटं बाजूला करून त्याने उकरलं. गुडघाभर खाली दगड लागला, रचलेला, चुन्याचा. बाजूला दुसरा. मग जळक्या लाकडाचा तुकडा आणि निळ्या काठाच्या बशीची खापरी.

"तळघर," व्लास्ता म्हणाली.

"हो."

दोघंही पश्चिमेला वळले. गहू. जिकडे बघावं तिकडे सारखाच, एका उंचीचा, वाऱ्याने एकाच बाजूला झुकणारा. कुठे खोलगट नाही, कुठे उंचवटा नाही, कुठे वेगळा रंग नाही. व्लास्ता थोडी पुढे गेली, थांबली, डावीकडे गेली, परत आली.

"कुठे, आत्या?"

"नाही कळत." ती पुन्हा पुढे गेली. "इथे असेल. किंवा इथे."

"शोधायचं असेल तर खणावं लागेल."

"नाही. खणायचं नाही."

रूडीने टोपी काढून कपाळ पुसलं. "मी रागावलो होतो," तो म्हणाला. "तुझ्यावर नाही. मी इतकी वर्षं वर डबे नेले, मला हसू यायचं, आणि खाली येऊन हिच्यावरून ट्रॅक्टर चालवायचो. मला कुणी आधी सांगितलं असतं..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग ताडताड पावलं टाकत गव्हात चौकोन आखल्यासारखा फिरून आला, चार कोपऱ्यांवर धाटांच्या गाठी बांधल्या. "एवढं सोडतो. यातच कुठेतरी असेल. जास्त झालं तर झालं."

"फार सोडलंस."

"आत्या, तू आता मध्ये बोलू नको."

त्या आठवड्यात त्याने दक्षिणेचा तुकडा कापला. चौकोनाला वळसा घालून कापला. तेवढा गहू मधोमध उभाच राहिला, पाखरांनी खाल्ला, उरलेला गळून पडला. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करून बघायचा. शेजारच्या शेतातल्या हेनिंगने त्याच संध्याकाळी फोन केला. "रूडी, मशीन बिघडलं का रे तुझं? तो तुकडा राहिलाय. पोरगं पाठवू का मदतीला?"

"मशीन ठीक आहे," रूडी म्हणाला. "तिथे माझी पणजी आहे."

मग हेनिंगने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

शरदात टेकडी खोदायला घेतली. ट्रक दिवसभर ये-जा करत, शाळेच्या रस्त्यावर मुरूम पडला. व्लास्ताने एक-दोनदा खिडकीतून पाहिलं, मग पडदा ओढून घेतला. चौकोनात गवत धरायला दोन वर्षं लागली. ती तिथे जायची, पण एका जागी उभी राहायची नाही. आपण नेमक्या तिच्यावरच उभ्या असू असं तिला वाटायचं. म्हणून ती कडेकडेने चालत राहायची, थकली की ट्रकमध्ये येऊन बसायची.

रोझालिए क्रौपा मार्च १८७६ मध्ये मुलगा झाल्यावर आठवड्याभरात वारली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अनेझ्का १९१९ च्या हिवाळ्यात फ्लूने गेली. ओटिली १९८४ च्या नोव्हेंबरात वृद्धाश्रमात वारली, तोवर उरलेल्या दुलयाही तिच्याकडे पोचल्या होत्या. व्लास्ता क्रौपा १९८९ च्या फेब्रुवारीत, सकाळी, आपल्या घरी वारली. तिला चर्चच्या स्मशानभूमीत भावाशेजारी पुरलं.